वाकळीची कड आणि थोरल्या वन्संचं बोलणं

पत्र थोडक्यात

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. पत्रात त्या त्यांना 'आत्या' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आवराआवर करताना आत्यांच्या ट्रंकेत सुती नऊवारी लुगडी निघाली. ताईंना तीन नणंदा. वर्षश्राद्धाला तिघी येतील तेव्हा प्रत्येकीच्या हातात आईच्या लुगड्याची एकेक वाकळ, म्हणजे गोधडी, द्यायची, असं ताईंनी मनाशी धरलं.

पहिली वाकळ शिवून झाली आहे, पाच फूट बाय सात फूट. मोबाइलवर बघून त्यांनी मधोमध सुरुवात केली आणि दोन-दोन बोटांवर हातानं धावदोरा घालत बाहेर आल्या. गोट, म्हणजे कडेची पट्टी, बसवायला सोपं जावं म्हणून कडेची वीतभर जागा टाक्यांविना मोकळी ठेवली. गोटासाठी आत्यांच्याच लुगड्याचे काठ कापले आणि ते पायमशीनवर चढवले. आता वाकळीच्या चारी बाजूंना लाटा उठल्या आहेत, मध्येच कुठं चुण्या पडल्या आहेत आणि कोपरे गाठीसारखे जाड झाले आहेत. विट्याहून आलेल्या थोरल्या वन्संनी वाकळ अंथरून पाहिली आणि म्हणाल्या, "आईच्या वाकळीला कधी अशी लाट नव्हती बघ." त्या दिवसापासून ताईंनी मशीनला हात लावलेला नाही.

त्या विचारतात: राहिलेल्या दोन वाकळी सरळ टेलरला द्याव्यात का? तो सॅटिनची पायपिन (कडेची तयार पट्टी) लावून तासाभरात देतो म्हणतो. की हप्त्यानं विजेवरचं नवं मशीन घ्यावं? की "माझ्या हाताला ते वळण नाही" असं समजून लुगडी पुन्हा ट्रंकेत ठेवून द्यावीत? शेवटी एक छोटा प्रश्नही आहे: गोट मरून रंगाचा घेतला तर चालेल ना?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात दोष दोघांवर आला आहे, तुमच्या हातावर आणि जुन्या मशीनवर. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या हातानं सात फूट लांबीच्या ओळी दोन-दोन बोटांवर सरळ घातल्या, त्या हाताला वळण नाही असं कसं म्हणायचं? मशीनचं म्हणाल तर, चुण्या पडल्यात पण टाका सुटलेला नाही, म्हणजे तेही ठीक आहे. लाट कुठून आली ते आधी बघू.

वाकळ स्वच्छ फरशीवर अंथरा. हातानं मध्यापासून बाहेर सारखी करा, पण ओढू नका. आता गुडघ्यावर बसून कडेकडे बघा. मधला भाग फरशीला चिकटून बसलाय आणि कड मात्र उठून नागमोडी झाली आहे, तर याचा अर्थ कडेचं कापड मधल्यापेक्षा जास्त आहे. उलट, कड आत ओढली गेली असेल आणि कोपरे वर वळले असतील तर गोट तोकडा पडलाय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आधी बघायचं. तुमच्याकडे बहुतेक पहिलाच प्रकार आहे, आणि चुण्या आहेत तिथं थोडा दुसरा. खात्रीसाठी टेप घ्या. वाकळीची रुंदी बरोबर मध्यावर मोजा आणि मग अगदी कडेला मोजा. मध्यावर 58 इंच आणि कडेला 60 भरले, तर ते दोन इंच जाणार कुठं? ते वरच उठणार. परकराची झालर याच हिशेबावर उभी राहते.

हा फरक पडतो कसा, ते सांगते. धावदोरा घातला की कापड आटतं. प्रत्येक टाका कापडाला जरासा ओढून घेतो, आणि अशा हजारो टाक्यांनी मिळून वाकळ इंच-दोन इंच लहान होते. वाकळीच्या अंगावर ज्या बारीक सुरकुत्या दिसतात त्या त्याच्याच. तुम्ही मधल्या भागाला भरघोस टाके घातले, तो आटला. कडेची वीतभर पट्टी तशीच राहिली, ती होती तेवढीच आहे. त्या सैल कडेवर तुम्ही गोट शिवलात आणि ती लाट पक्की झाली. म्हणजे कडेचं दुखणं कडेत नाहीच. गोट लावायला बसण्याच्या कितीतरी आधी, वीतभर जागा सोडली तेव्हाच ते ठरून गेलं होतं. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, कारण गोधडी, दुपटं, बाळाची दुलई, टेबलावरची पट्टी, काहीही असो, "कड सरळ येत नाही" अशी पत्रं मला येतात तेव्हा दहातल्या बहुतेकांचं उत्तर मधल्या भागात असतं.

आता आत्यांच्या वाकळीकडे येऊ. घरात त्यांच्या हातची एखादी जुनी वाकळ असेल तर काढा आणि तिची कड बघा. माझा अंदाज आहे, तिला गोट नसेलच. आपल्याकडच्या जुन्या वाकळींत वरचं आणि खालचं लुगडं कडेला आत दुमडतात आणि त्या दुमडीवरूनच पहिला धावदोरा जातो. मग कडेला धरून ओळीमागून ओळ आत सरकत जाते. कडेलाही तेवढेच टाके, मध्येही तेवढेच, त्यामुळे सगळी वाकळ एकसारखी आटते आणि सपाट बसते. पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात, त्यांचीही हीच रीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेनं ठिगळं लावत फिरायचं आणि फिरत फिरत मध्यावर पोचायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घडीचं एकेक फूल लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

तुम्ही मोबाइलवर पाहिलेली रीत याच्या उलटी आहे. मधून सुरुवात करायची, सगळा सैलपणा कडेकडे ढकलत न्यायचा, शेवटी कड कापून सरळ करायची आणि वर वेगळी पट्टी लावायची. ही रीतही चांगलीच आहे. फक्त तिच्यात टाके अगदी कडेपर्यंत न्यावे लागतात आणि कड मापून कापावी लागते. तुम्ही शिवलंत या रीतीनं आणि तुलना झाली त्या रीतीशी. थोरल्या वन्संचं निरीक्षण बरोबर आहे, आईच्या वाकळीला लाट नव्हती. पण त्यावरून तुमच्या हातात काही कमी आहे हे कुठं ठरतं?

त्यांच्या बोलण्याबद्दल एवढंच म्हणेन. आई जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि समोर तिचं लुगडं दुसऱ्या रूपात अंथरलेलं. अशा वेळी माणूस त्यात आईचा हात शोधतो आणि जे सापडत नाही तेच आधी तोंडातून निघतं. त्यात तुम्हाला टोचण्याचा हेतू होता की नव्हता, हे मला इथून कळणार नाही, आणि तुम्हालाही नक्की ठाऊक नसावं. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या लहानपणी आईबरोबर वाकळ भरायला बसत. मग त्यांना बोलवा की. पहिल्या वाकळीची कड दुरुस्त करताना मोकळ्या वीतभर जागेत धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या आहेत, त्यातली एक बाजू त्यांना घालू द्या. "वन्सं, आत्या कडेची ओळ कशी घ्यायच्या ते जरा दाखवा" एवढं म्हटलं तरी पुरे. त्या येतील की नाही ते त्यांच्यावर. नाही आल्या तरी काम अडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त लागली. गोटासाठी तुम्ही आत्यांच्या लुगड्याचे काठ कापलेत. भावना मी समजते. काठ म्हणजे लुगड्याची ओळख, तो चारी बाजूंनी दिसावा असं वाटणं साहजिकच आहे. पण गोधडीत सगळ्यांत आधी झिजते ती कड. रात्री पांघरूण वर ओढतो ते कडेला धरून, वाळत घालताना पिळतो ते कडेला धरून, पाय अडकतात तेही तिथंच. जुना, विरलेला काठ या मारात किती दिवस टिकेल? जे जपायचं ते आपण सगळ्यांत धोक्याच्या जागी ठेवतोय. शिवाय काठ विणतानाच घट्ट असतो आणि तो उभ्या ताण्यावर, म्हणजे लांबीच्या धाग्यांवर असतो, त्याला ताण जराही सोसत नाही. वळणावर आणि कोपऱ्यावर तो ऐकत नाही, म्हणून तुमच्या चुण्या आणि गाठी.

काठ उसवून घ्या आणि वाकळीच्या अंगावर लावा. कडेपासून हातभर आत, चौकटीसारखा, किंवा मधोमध एकच उभी पट्टी. तिथं तो दिसेल, त्याच्यावरून धावदोरा जाईल त्यामुळे नीट धरला जाईल, आणि वर्षानुवर्षं राहील. गोट मात्र नव्या, साध्या सुती कापडाचा करा. गोट झिजण्यासाठीच असतो. काही वर्षांनी तो फाटला की उसवून दुसरा लावायचा, आतलं लुगडं शाबूत राहतं.

आता तुमचे तीन पर्याय. टेलरला देण्यात कमीपणा काही नाही, पण सॅटिनची पायपिन घेऊ नका. सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचं असतं, सुती वाकळीशी ते नीट जमत नाही. त्याचे धागेही लवकर निघतात. आणि तासाभरात जो गोट लागतो तो मापून लागत नाही, जशी कड आहे तसा लागतो. सैल कड टेलरकडे नेली तरी लाट घेऊनच परत येईल. द्यायचंच असेल तर कड दुरुस्त करून, मापून, पट्टी स्वतः नेऊन द्या आणि फक्त पुढच्या बाजूची शिलाई मारून मागा. मागची हातशिलाई घरी करा.

नव्या मशीनचं म्हणाल तर तीन वाकळींसाठी कर्ज काढू नका. पुढं शिवणाची कामं घ्यायचा विचार असेल तर ते वेगळं, मग त्याचा हिशेब वेगळा करू. गोट लावायला पायमशीन उलट बरं, कारण ते तुमच्या पायाच्या तालावर हळू चालतं. त्याला तीन गोष्टी करा. सुई 16 नंबरची घाला, 11 नंबरची ब्लाउजची सुई एवढ्या थरांत वाकते. टाका मोठा करा, इंचाला साधारण 8. आणि दाबाच्या दांड्यावर जो स्क्रू असतो तो थोडा सैल करून पायाचा दाब कमी करा. मशीनमध्ये खालचे दात कापड पुढं ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला मागे धरतो. पातळ कापडात हे जाणवत नाही, वाकळीत वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून सरकतात. दाब कमी केला की सरकणं कमी होतं. वाकळीचं ओझंही मशीनवरून खाली लोंबू देऊ नका. डावीकडे आणि मागे खुर्च्या लावा, त्यांवर ती पडू दे. लोंबती वाकळ स्वतःच्या वजनानं कड ताणते आणि आपण म्हणतो मशीन वाकडं शिवतंय.

लुगडी ट्रंकेत ठेवण्याबद्दल: ठेवायची तर ठेवा, पण वन्संच्या एका वाक्यासाठी नको. सुती कापड घडीवर विरतं. ट्रंकेत ती सुरक्षित राहतात असं आपल्याला वाटतं, दहा वर्षांनी उघडावं तर घडीच्या रेघेवर फाटलेली निघतात.

आता पहिली वाकळ. पूर्ण उसवायची गरज नाही. फक्त गोट उसवा, तोही ओढून नको. तीन-चार टाक्यांवर ब्लेडच्या टोकानं दोरा कापत जा, मग उलट्या बाजूचा दोरा अलगद निघतो. त्यानंतर मोकळ्या वीतभर पट्टीत तुमच्याच दोन बोटांच्या अंतरानं धावदोरा घाला. आतून बाहेर या, शेवटची ओळ कडेपासून इंचभर आत येऊ दे. ही पट्टी आटत जाईल तशी लाट उतरताना तुम्हाला दिसेल. हे काम घाईनं करू नका, सगळी दुरुस्ती इथंच आहे.

मग वाकळ पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत फरशीवर सपाट वाळवा. ओली असताना तिला हातानं चौकोनात बसवता येतं. मापाला दुसरं साधन नको, फरशीच रेघा देते. दोन फुटी फरशी असेल तर तिच्या जोडांना वाकळीची एक बाजू लावा, काटकोन आयता मिळतो. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. ते सारखे आले म्हणजे वाकळ चौकोनी आहे, नाहीतर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना आत दाबत सारखे करा.

वाळल्यावर रुंदी तीन ठिकाणी मोजा: मध्यावर, आणि दोन्ही बाजूंना वीतभर आत. लांबीचंही तसंच. मध्यावरचं माप खरं धरा. समजा ते 58 बाय 82 आलं. खडूनं रेघ मारा, कड त्या रेघेवर कापा, आणि कापलेल्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सगळे थर धरून कच्चा धावदोरा घाला. एवढं करूनही एखादी बाजू 59 भरत असेल तर हाच दोरा हलकेच ओढा आणि ते इंचभर सगळ्या बाजूभर पसरवून 58 करा. एका जागी गोळा होऊ देऊ नका.

गोटाचं कापड: सुती पॉपलीन किंवा केम्ब्रिक. साताऱ्यात खण आळीत किंवा सांगलीच्या कापड पेठेत सहज मिळेल. इचलकरंजी जवळ असणाऱ्यांना तर प्रश्नच नाही. टेरिकॉट नको. हातात चुरगळून बघा, सुरकुती पडून राहिली तर सुती. पट्टी तीन इंच रुंद, पन्ह्याला, म्हणजे कापडाच्या रुंदीत, आडवी कापलेली. आडव्या धाग्याला जरा ताण सोसतो, म्हणून ती कडेला मऊ बसते. सरळ बाजूंच्या वाकळीला तिरकी, म्हणजे क्लासमध्ये शिकवतात ती क्रॉस पट्टी लागत नाही, कापड वाया जातं. गोल कोपरे किंवा नागमोडी कड असेल तरच ती घ्या. 58 बाय 82 च्या वाकळीचा घेर 280 इंच, त्यात जोडाला आणि कोपऱ्यांना 12 धरून 292. कापड 44 पन्ह्याचं असेल तर आठ पट्ट्या, म्हणजे पाऊण मीटर पुरतं. 36 पन्ह्याचं असेल तर दहा पट्ट्या लागतील, मीटरभर घ्या. कापड आणल्यावर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. आत्यांची लुगडी शेकडो वेळा धुतलेली, ती आता आटायची नाहीत. नवं कापड आटेल.

पट्ट्या एकमेकींना सरळ जोडू नका, तिरक्या जोडा. दोन टोकं काटकोनात एकमेकांवर ठेवायची, कर्णावर शिलाई मारायची, पाव इंच ठेवून बाकीचं छाटायचं आणि जोड उघडून इस्त्री करायची. सरळ जोडात सगळी जाडी एका जागी येते आणि बोटाला गाठ लागते, तिरक्या जोडात ती पसरते. मग सबंध पट्टी लांबीत दुहेरी दुमडून इस्त्री. ती दीड इंचाची झाली.

पट्टी लावताना वाकळीच्या मापानं लावायची, कडेच्या मनाप्रमाणे नाही. पट्टीवर खडूनं 58 वर, पुढं 82 वर अशा खुणा करा; शिवायला सुरुवात बाजूच्या मध्यावर होणार, म्हणून त्या बाजूचं निम्मं माप आधी आणि निम्मं शेवटी धरा. वाकळीच्या बाजूचा मध्य आणि पट्टीवरच्या त्या बाजूचा मध्य टाचणीनं जोडा, मग पाव, मग पाऊण. आता मधल्या जागेत कुठंही ओढाताण होणार नाही. पट्टीची उघडी बाजू वाकळीच्या कडेला, दुमड आतल्या बाजूला, आणि शिलाई कडेपासून एक सेंटिमीटरवर. सुरुवात कोपऱ्यापासून न करता एका बाजूच्या मध्यावर करा, आणि पट्टीचं वीतभर टोक मोकळं सोडून मग शिवायला लागा.

कोपऱ्याला सगळे घाबरतात, म्हणून तो सावकाश सांगते. शिवत कोपऱ्याजवळ या आणि कड एक सेंटिमीटर राहिली असताना थांबा. हे एक सेंटिमीटर शिलाईच्या रुंदीएवढंच हवं, कमी नको, जास्त नको. खडूनं आधीच ठिपका मारून ठेवा. दोन टाके मागे घेऊन दोरा तोडा आणि वाकळ मशीनवरून काढा. आता वाकळ फिरवा, म्हणजे पुढची बाजू तुमच्यासमोर उभी येईल. पट्टी वाकळीपासून बाहेर, वरच्या दिशेला दुमडा. कोपऱ्यावर तिरकी घडी पडेल आणि पट्टीची उघडी कड पुढच्या बाजूच्या कडेशी एका रेघेत येईल. ती घडी बोटानं दाबून धरा. मग पट्टी पुन्हा खाली, वाकळीवर आणा. वरची नवी दुमड वाकळीच्या वरच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. तिथून, अगदी वरून, शिलाई सुरू करा. शिवताना कोपऱ्यात कापडाचा एक सैल कान उभा राहतो, तो तसाच राहू द्या. पट्टी मागे वळवली की तोच कान उलगडून पुढच्या बाजूला तिरकी रेघ होऊन बसतो. तुमचे कोपरे जाड झाले कारण काठाची दोन टोकं तिथं एकावर एक आली. या रीतीत कोपऱ्यावर पट्टी कापायचीच नसते. वाकळ फार जाड असेल तर आतल्या थरांचं अगदी टोक अर्धा सेंटिमीटर छाटा. कोपरा गोल मात्र करू नका, आत कापड भरलेलं नसलं की तो लुळा पडतो.

खऱ्या वाकळीवर करण्याआधी हातरुमालाएवढ्या तुकड्यावर, जुन्या टॉवेलच्या दोन थरांवर, हा कोपरा करून बघा. तीन-चार कोपऱ्यांनंतर हात आपोआप वळतो.

चौथ्या बाजूनं फिरून सुरुवातीजवळ आलात की वीतभर आधी थांबा. सुटलेल्या पहिल्या टोकाची कड तिरकी आत दुमडा आणि शेवटचं टोक त्याच्या पोटात सरकवा. बोटभर आत गेलं की पुरे, जास्तीचं कापा आणि उरलेली शिलाई मारा. दुमडलेली तिरकी कड मागची हातशिलाई करतानाच दोन टाक्यांनी बंद करायची.

मग पट्टी मागे वळवा. तिनं मशीनची शिलाई झाकली पाहिजे, तीन इंचांच्या पट्टीत तेवढी जागा धरलेली आहे. टाचण्या बोटात घुसतात, त्यापेक्षा मुलींच्या केसांच्या टिकटॅक क्लिपा किंवा कपड्यांचे चिमटे लावा. कोपऱ्यावर मागे आधी एक बाजू दुमडा, मग दुसरी, आणि दुमड पुढच्या घडीच्या उलट्या अंगाला येऊ द्या. अशानं जाडी दोन्हीकडे वाटली जाते. हातशिलाई ब्लाउजच्या हेमिंगसारखीच, पण टाके जवळ, बोटाच्या रुंदीत तीन. सुई फक्त मागच्या लुगड्यात आणि आतल्या थरात जाऊ दे, पुढं दिसू नये. मला स्वतःला ही मागची हातशिलाईच सगळ्यांत आवडते. वाकळ मांडीवर असते, हात चालतो, बोलता येतं. मशीनवरच दोन्ही बाजू पक्क्या करता येतात आणि रोज मशीनमध्ये धुवायच्या बाळाच्या दुपट्याला मी तेच सांगेन. पण तुमच्या वाकळींना हातशिलाई करा. ती थोडी कमी-जास्त झाली तर होऊ दे. सुबक म्हणजे कड सपाट, कोपरा टोकदार आणि रुंदी सारखी. प्रत्येक टाका छापल्यासारखा हवा, हे ओझं कशाला घ्यायचं?

राहिलेल्या दोन वाकळींना यातलं निम्मं लागणारच नाही. मधून सुरुवात करा की कडेनं, तुमची मर्जी. मधून केलीत तर टाके कडेपासून इंचभर येईपर्यंत थांबू नका. किंवा एक वाकळ आत्यांच्या रीतीनं, गोटाविना, कड आत दुमडून करून बघा. त्यासाठी वरचं आणि खालचं लुगडं आतल्या थरांपेक्षा चारी बाजूंना दोन इंच मोठं घ्यावं लागतं. धाकट्या वन्सं पुण्याला फ्लॅटमध्ये राहतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वाकळ मशीनमध्ये फिरणार. त्यांची मात्र गोटाचीच करा.

वर्षश्राद्धाच्या तारखेचाही विचार करा. तीनही वाकळी त्याच दिवशी द्यायच्या, हे कुणी ठरवलं? तुम्हीच ना? त्या दिवशी घरात पाहुणे, स्वयंपाक, गुरुजी, सगळं तुमच्याच अंगावर. एक पुरी झालेली आणि दोन थर लावून कच्च्या टाचलेल्या अशा दाखवल्यात तर कुणाला वाईट वाटणार आहे? उलट नणंदांना काठ कुठं लावायचा हे तरी सांगता येईल. विट्याची दिवाळीला, पुण्याची संक्रांतीला, अशा सावकाश जाऊ द्या. रात्री दिव्याखाली डोळे ताणून घातलेला टाका दुसऱ्या दिवशी उसवावाच लागतो.

मरून गोट शोभेल, लुगड्याच्या फिक्या रंगावर तर छानच. पण मरून, लाल आणि गडद निळं हे रंग सुटणारे. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. सुटणारा रंग मिठानं पक्का होत नाही. कापड कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, खळबळून पाणी बदला, असं तीन वेळा करा. मग ओल्या कापडावर पांढऱ्या सुती रुमालाचा तुकडा ठेवून वरून इस्त्री फिरवा. रुमालावर गुलाबी डाग उतरला तर ते कापड ब्लाउजला वापरा आणि गोटाला दुसरं आणा. रुमाल पांढरा राहिला तर पट्ट्या कापायला घ्या.